ताईंना निवृत्त होऊ द्या!

आपल्या चळवळीत 'राजीनामा' हा शब्द भांडणाचा झाला आहे. आधी राजीनामा, मग पत्रक, मग त्या पत्रकाला उत्तर देणारे दुसरे पत्रक आणि शेवटी नवा गट. त्यामुळे वस्तीतील महिला मंडळाच्या अध्यक्षा जेव्हा सरळ मनाने म्हणतात की, "आता माह्याच्यानं होत नाही, दुसरी कोणी पाहा," तेव्हा त्या खरेच थकल्या आहेत यावर कोणाचा विश्वास बसत नाही. कोणाशी बिनसले? विहार समितीतले कोणी लागट बोलले का? बाई दुसऱ्या गटात तर चालल्या नाहीत ना? महापालिकेच्या निवडणुकीची तर तयारी नाही? गुडघे दुखतात, घरी नातवंड आहे, पंधरा-वीस वर्षे एकच ओझे वाहून माणूस दमतो, ही साधी कारणे कोणालाच पुरेशी वाटत नाहीत.

आज आम्हाला या साध्या कारणांविषयीच लिहायचे आहे. मोठ्या नेत्यांच्या राजीनाम्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यापासून बडनेऱ्यापर्यंत आणि तिकडे अकोल्याच्या अकोट फैल, खदानपर्यंत, जिथे जिथे विहार आहे तिथे तिथे बहुधा एक महिला मंडळ आहे, आणि प्रत्येक मंडळात अशी एक ताई आहे. कुठे ती अंगणवाडी सेविका आहे, कुठे सेवानिवृत्त शिक्षिका, कुठे दवाखान्यात परिचारिका, तर कुठे चार घरची धुणीभांडी करून दुपारी विहाराचे कुलूप उघडणारी मावशी. तिचे नाव येथे देण्याची गरज नाही. वाचकांच्या डोळ्यांपुढे ती आताच उभी राहिली असेल.

ही ताई करते तरी काय? निमंत्रण पत्रिकेवर तिचे नाव 'आयुष्यमती' लावून छापले जाते आणि व्यासपीठावर तिला कडेची खुर्ची मिळते. दिसायला इतकेच. पण वर्षाचा हिशोब मांडा. ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला रमाई, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमेची खीर, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर आणि २५ डिसेंबर. प्रत्येक दिवसाला वर्गणी, सतरंज्या, माईकवाला, मेणबत्त्या आणि पांढऱ्या साड्या नेसून वेळेवर येणाऱ्या बाया लागतात. अकोल्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्रिकेट क्लबच्या मैदानावर जो धम्म मेळावा भरतो, तिथे खेड्याखेड्यांतून गाड्या भरून येणाऱ्या बायांची यादी कोण करते? मुख्य वक्त्याचे नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येते. यादी करणारीचे येत नाही.

आणि हे झाले सणावारांचे काम. खरे काम वेगळेच आहे. वस्तीतल्या कोणत्या म्हातारीचा संजय गांधी निराधार योजनेचा पैसा हयातीचा दाखला न दिल्यामुळे अडकला आहे, हे ताईला माहीत असते. कोणत्या मुलाच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मिळत नाही आणि त्याच्या आज्याच्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल कोणत्या तहसिलीत मागावी लागेल, हे तिला माहीत असते. कोणत्या घरात सून मार खाते आणि कोणत्या घरात दारू पिऊन आलेला नवरा ताईचा आवाज ऐकून गप्प बसतो, हेही तिलाच माहीत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवायला ठाणेदार टाळाटाळ करतो तेव्हा ठाण्यासमोर पंधरा बाया घेऊन बसणारी तीच, आणि दोन वर्षांनी खटला उभा राहिल्यावर साक्षीदार फुटू नये म्हणून दर महिन्याला त्याच्या घरी चहा प्यायला जाणारीही तीच असते.

२००६ च्या सप्टेंबरात भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचे हत्याकांड झाले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये विदर्भ पेटला. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला. तेव्हा रस्त्यावर आलेल्या बायांना कोणत्याही पक्षाने हाक दिली नव्हती, नेते मागून आले, हे सगळ्यांनी पाहिले आहे. मग हाक दिली कोणी? आमचे उत्तर असे की, ती वस्तीच्या या मंडळांनी दिली. रविवारी वंदनेला एकत्र बसणाऱ्या बायांना एकमेकींची घरे माहीत असतात. दार वाजवणारी ओळखीची असते, म्हणून दार उघडते.

एवढे सगळे एका कापडी थैलीत आणि एका डोक्यात साठवलेले असते. थैलीत इतिवृत्ताचे रजिस्टर, पावती पुस्तक, शिक्का, बँकेचे पासबुक आणि कपाटाची किल्ली असते. बाकीचे सगळे डोक्यात.

आता ही ताई जेव्हा म्हणते की मला मोकळे करा, तेव्हा आपल्या वस्त्यांत जे घडते ते सगळीकडे सारखेच असते. सभा बोलावली जाते. "तुमच्याबिगर मंडळ कसं चालन जी, काकू?" असे कोणीतरी म्हणते. दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी येते. शाल येते, साडी येते, बाबासाहेबांची तसबीर येते. भाषणे होतात. आणि भाषणांच्या शेवटी ठराव होतो की, ताईंचा राजीनामा एकमताने नामंजूर! टाळ्या पडतात. ताई डोळे पुसते, थैली उचलते आणि घरी जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्याच दारात कोणीतरी उभे असते.

या टाळ्यांना आम्ही प्रेम म्हणायला तयार नाही. आदर थोडा असेल, पण सोय जास्त आहे. ताई राहिली तर कोणालाच किल्ली सांभाळावी लागत नाही, वर्गणीसाठी दारोदार जावे लागत नाही, ठाणेदाराशी वाद घालावा लागत नाही. माणसाला देव्हाऱ्यात बसवले की त्याच्या कामातला वाटा उचलावा लागत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत भक्तीविषयी जो इशारा दिला होता तो राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल होता, हे खरे. राजकारणात भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असे त्यांनी बजावले होते. पण विभूतिपूजा दिल्लीत सुरू होत नाही. ती आपल्या विहारातल्या सतरंजीवरही सुरू होऊ शकते, आणि ज्या बाईची पूजा होते तिलाही ती जड होते. त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला होता. ठराव मांडणे, गणपूर्ती, मतदान हे सगळे संघाला ठाऊक होते, असे ते म्हणाले होते. म्हणजे सभा कशी चालवावी हे आपल्याला कोणाकडून उसने आणायचे नाही.

येथे अमरावतीकरांना त्यांच्याच गावातील एका बाईची आठवण करून देणे भाग आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांची निवड त्याच महिन्यात जाहीर झाली होती, आणि ते स्वतः या परिषदेत बोलले. समाजाची प्रगती मोजायची तर त्या समाजातील स्त्रियांनी किती प्रगती केली ते मी पाहतो, हा त्यांचा प्रसिद्ध विचार याच परिषदेतला. स्वागताध्यक्षा होत्या कीर्तीबाई पाटील, सरचिटणीस इंदिराबाई पाटील आणि अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. १९२७ च्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहामुळे अमरावतीचे नाव इतिहासात आहे, आणि ते शाळकरी पोरांनाही माहीत असते. सुलोचनाबाईंचे नाव इर्विन चौकात उभे राहून दहा जणांना विचारा आणि काय उत्तर येते ते पाहा.

त्या परिषदेचे ठराव आज वाचले तरी मन थक्क होते. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क हवा, एक बायको असताना दुसरी करण्यास कायद्याने बंदी हवी, कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत राखीव जागा हव्यात, गिरण्यांत बायांवर देखरेखीला बायाच नेमाव्यात, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत. आणि त्यात एक ठराव कष्टकरी स्त्रियांविषयी आहे. गिरणीत, विडी कारखान्यात, नगरपालिकेत आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन मिळावे, अशी ती मागणी होती. १९४२ साली! ज्या बायांना स्वतःच्या नावाची सही करता येत नव्हती, त्यांनी हात वर करून सांगितले की, राबणाऱ्या बाईला वीस वर्षांनी थांबण्याचा हक्क आहे.

हा ठराव ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला त्या बाईच्या गावात आज मंडळाच्या अध्यक्षेला थांबण्याचा हक्क नसावा?

आणखी एक गोष्ट. परिषदेचे अध्यक्षपद सुलोचनाबाईंना चिकटून राहिले नाही. ६ मे १९४५ रोजी मुंबईत पुन्हा महिला परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी मद्रासच्या मीनांबाळ शिवराज होत्या. वऱ्हाडची बाई उठली आणि तामिळ मुलखातली बाई त्या जागी बसली. तीन वर्षांत. त्यामुळे परिषद संपली का? उलट, ही चळवळ एका प्रांताची नाही हे त्याने दिसले. आज आपल्याकडे एका गल्लीतले पद दुसऱ्या गल्लीत जायला पंधरा वर्षे लागतात.

पद सोडणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांइतके कोणी शिकवले नाही. २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा त्यांनीच १९२८ मध्ये बंद केली, कारण शिक्षणाच्या कामासाठी दुसरी संस्था हवी होती. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष त्यांनीच १९४२ मध्ये मागे ठेवला आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभे केले. संस्थेची पाटी त्यांना प्यारी नव्हती, काम प्यारे होते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यामागच्या कारणांत हिंदू कोड बिल हे मोठे कारण होते. म्हणजे या देशातल्या बायांच्या हक्कांसाठी कायदामंत्र्याने खुर्ची सोडली. आणि सोडताना मुकाट्याने निघून गेले नाहीत. प्रत्येक कारण क्रमाने लिहिले, सभागृहात वाचू दिले नाही तेव्हा ते निवेदन बाहेर वृत्तपत्रांना दिले. राजीनामा कारणांसह, लेखी आणि उजळ माथ्याने द्यायचा असतो. आपल्या ताईनेही तसाच द्यावा. "प्रकृती बरी नाही" एवढेच लिहून खरी गोष्ट झाकू नये. विहार समितीतले पुरुष हिशोब मागतात पण मदत देत नाहीत, हे कारण असेल तर तेही रजिस्टरमध्ये यावे.

समितीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. महिला मंडळाने वर्गणी जमवायची, खीर शिजवायची, विहार झाडायचे आणि विहाराच्या जागेचे कागद मात्र समितीच्या पुरुषांच्या कपाटात, ही वाटणी कोणत्या धम्मात सांगितली आहे? महिला मंडळाच्या अध्यक्षा तरी निवृत्तीचे नाव काढतात. समितीचे किती अध्यक्ष जिवंतपणी खुर्ची सोडतात, याची वाचकांनी आपापल्या वस्तीपुरती मोजदाद करावी.

असो. खरा प्रश्न निरोपाच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. शाल देणे सोपे आहे. थैली कशी द्यायची?

मंडळ नोंदणीकृत असेल तर पदाधिकारी बदलल्यावर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ मध्ये ही तरतूद आहे, आणि आपल्याकडे सगळे त्याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तो दिला नाही तर सरकारी कागदावर जुनीच अध्यक्षा राहते. मग बँक नव्या सह्या घेत नाही, अनुदानाचा अर्ज परत येतो आणि पुढे वाद झालाच तर थकलेली, घरी बसलेली ताई न्यायालयाच्या पायऱ्या चढते. सभेची सूचना, हजेरी, ठराव, जुन्या अध्यक्षेचे राजीनामा पत्र आणि नव्या पदाधिकाऱ्यांचे संमतीपत्र एवढे त्याच दिवशी तयार करून ठेवले तर पुढचा सगळा त्रास वाचतो. बँकेत दोघींनी मिळून जावे. पासबुक त्या दिवसापर्यंत भरून घ्यावे आणि शिल्लक सभेत मोठ्याने वाचून दाखवावी. यात ताईवर अविश्वास नाही. हिशोब वाचला गेला की उद्या तिच्यामागे कोणी कुजबुजू शकत नाही. मंडळ नोंदणीकृत नसेल तर कायद्याची ही कटकट नाही, पण मग रजिस्टरमधला ठराव हाच एकमेव पुरावा उरतो, म्हणून तो अधिक जपून लिहावा.

बचत गटांनी हे आपल्यापेक्षा बरे शिकून घेतले आहे, हे मान्य केले पाहिजे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी अशी त्यांची पंचसूत्री आहे. जिथे ती खरोखर पाळली जाते तिथे वही गटाची असते, अध्यक्षेची नसते. गावातल्या ज्या बाईला कोणी विचारत नव्हते तीही सचिव होऊन बँकेच्या साहेबापुढे उभी राहिलेली दिसते. त्याच बाया विहारात आल्या की मात्र मागच्या रांगेत बसतात आणि सगळे ताईवर सोपवतात. याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

थैली अशी देता येते. डोक्यातले कसे द्यायचे? त्याला ठराव पुरत नाही. त्याला सोबत लागते. नव्या अध्यक्षेने निदान एक वर्षावास जुन्या ताईबरोबर घरोघरी फिरले पाहिजे. त्या साक्षीदाराच्या घरी दोघींनी जायचे, तहसिलीतल्या त्या खिडकीवर दोघींनी उभे राहायचे, ठाण्यात ताईने सांगायचे की, "यापुढे या येतील." आणि जे सांगण्यासारखे आहे ते लिहून ठेवायचे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आले. बाबासाहेबांच्या काळात लढलेल्या बायांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून त्यांनी तो इतिहास जमवला. सुलोचनाबाईंच्या परिषदेनंतर जवळपास अर्धे शतक उलटल्यावर! मंडळांची इतिवृत्ते नीट लिहिली आणि राखली असती तर हे काम किती सोपे झाले असते. आपल्या ताईच्या वीस वर्षांसाठीही पुन्हा पन्नास वर्षे थांबायचे का? वस्तीत बारावी झालेली, मोबाईल हाताळणारी पोरगी आहे. चार दुपारी तिने ताईजवळ बसावे आणि लिहून घ्यावे.

पोरींचा विषय निघाला की सगळ्या जुन्या बाया एकच तक्रार करतात, "आताच्या पोरी येतच नाहीत." येतील कशा? सभा दुपारी दोनला असते. तेव्हा पोरगी कॉलेजात, दुकानात किंवा दवाखान्याच्या पाळीवर असते. आली तर तिला पाणी द्यायला आणि फोटो काढायला लावतात. तिने हिशोब विचारला की, "कालची पोरगी आम्हाले शिकवते," असे ऐकवतात. शिकलेल्या कितीतरी पोरी नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेल्या, हे खरे. पण ज्या राहिल्या आहेत त्यांच्या हातात पावती पुस्तक कधी दिले का? थोडे कडू बोलतो, पण काही ताईंचाही यात वाटा आहे. सही आपलीच, किल्ली आपल्याच पदराला, आणि मग "कोणी तयारच नाही" ही तक्रार. सहसचिवाचे पद पत्रिकेवर छापण्यासाठी नसते.

तथागतांनी आपल्यामागे कोणा एका माणसाला वारस नेमले नाही. धम्म हाच तुमचा मार्गदाता, असे ते सांगून गेले, आणि बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात या गोष्टीला मुद्दाम जागा दिली. वज्जींच्या बाबतीत तथागत म्हणाले होते की, ते जोवर वारंवार एकत्र जमतात आणि एकोप्याने बसतात-उठतात तोवर त्यांचा ऱ्हास नाही. त्यांच्यात एखादी थोर बाई किंवा थोर पुरुष आहे म्हणून ते टिकतील, असे काही ते म्हणाले नाहीत.

पद सोडल्यावर ताईने कुठे बसायचे, हाही प्रश्न निघतोच. काही ठिकाणी तिला 'मार्गदर्शिका' नेमतात आणि मग नवी अध्यक्षा प्रत्येक गोष्टीला तिच्या तोंडाकडे पाहते. आमचे मत असे की, तिला साधी सभासद राहू द्यावे. बोलावेसे वाटले तर तिने हात वर करून बोलावे, वर्गणी सगळ्यांइतकीच द्यावी आणि वर्गणी मागायला दुसऱ्या कोणी तिच्या दारी जावे. नवीने माईकवाला महाग ठरवला, खीर थोडी करपली, पत्रिकेत कोणाचे नाव राहून गेले, असे पहिल्या वर्षी होणारच. त्यासाठी लगेच जुन्या ताईचे दार वाजवू नये.

ज्या मंडळांत ताईंनी यंदा थांबायचे म्हटले आहे त्यांनी सभा वर्षावास सुरू होण्यापूर्वीच घ्यावी, रविवारी संध्याकाळी घ्यावी, म्हणजे कामावरच्या पोरीही येतील. राजीनामा वाचावा, मंजूर करावा आणि मगच शाल द्यावी. आषाढ पौर्णिमेला ग्रंथ नव्या अध्यक्षेच्या हाती असेल. थैलीही तिच्याच जवळ असेल. ताईला त्या दिवशी सतरंजीवर, जिथे गुडघ्यांना बरे वाटेल तिथे, भिंतीला टेकून बसू द्यावे.